पाठराखिणीनं गाळलेला भाग

पल्लवी,

आपल्या मासिकाच्या संपादकांनी मला एक पान दिलंय. वर तुझा फोटो, खाली माझं नाव, मध्ये मजकूर. "ताई, नेहमीसारखं लिहा," म्हणाले. नेहमीसारखं म्हणजे काय ते तुझ्याइतकं कोणाला माहीत? ते मासिक हातात आलं की तू श्रद्धांजलीचं पान आधी उघडायचीस आणि मोठ्यानं वाचायचीस. "आजी, आपल्या समाजात मेलेला एक बी माणूस चिडका नव्हता काय वो? सगळेच मनमिळाऊ?"

तर लिहून ठेवते. तू मनमिळाऊ नव्हतीस. भांडखोर होतीस. फोनवर शेंगदाणे खात खात बोलायचीस, कान किटायचे. मोठ्या माणसाचं बोलणं अर्ध्यात तोडायचीस. आणि सव्वीस वर्षांची होऊन गेलीस, हे मात्र तू फारच उद्धटपणाचं केलंस.

तुझी तेरवी होऊन पाच दिवस झाले. एका पानात हे मावणार नाही. संपादकांनी जास्तीची पानं जोडावीत, नाही तर परत करावं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी इथे अमरावतीत, राजापेठेतल्या मंडळाच्या हॉलमध्ये तू माझ्या वाट्याला आलीस. नव्यानं नोकरीला लागलेल्या प्रत्येक पोरापोरीला समाजातला एक जुना नोकरदार जोडून द्यायचा, त्यानं वर्षभर पाठीशी उभं राहायचं, हा आपला उपक्रम. नाव मीच सुचवलेलं, पाठराखीण. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एखादी जाणती बाई सोबत जाते ना, तशी. पहिली नोकरी म्हणजे तरी काय, परक्याचं घरच. पुरुष मंडळींना हे नाव लावून घ्यायची लाज वाटली, म्हणून ते स्वतःला मार्गदर्शक म्हणवतात. जोड्या स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढून लावतात. पण तू लॅबवाली, मी आयुष्यभर लॅबवाली, म्हणून नानासाहेब अध्यक्षांनी तुझी चिठ्ठी आधीच दोन बोटांत धरून ठेवली होती. मी पाहिलं. गणपतीसमोर चालू होतं हे.

मी तुझ्या हातात नारळ दिला. तू तो कानाशी नेऊन हलवलास, आत पाणी आहे की नाही बघितलंस, आणि विचारलंस, "आजी, पाठराखीण किती दिवस राह्यते वो?"

बाकी सगळी पोरं मला काकू म्हणतात. पहिल्याच वाक्यात तू मला आजी करून टाकलंस.

"चार-पाच दिवस," मी म्हटलं.

"मंग?"

"मग परत येते आपल्या घरी."

"म्हंजे खरा तरास सुरू होते तवा ते घरी येऊन झोपते. लय कामाची बाई हाय."

शेजारी बसलेले नानासाहेब खोकले. मला हसू आलं. मनात म्हटलं, ही पोट्टी मला वर्षभर पुरणार. वर्ष काही पुरं झालं नाही.

त्याच दिवशी मी माइकवरून माझी ती गोष्ट सांगितली. दर नव्या तुकडीला मी ती सांगते. सांगत होते, असं म्हणायला हवं. माझं नोकरीचं पहिलं वर्ष, अकोल्यातला दवाखाना, पावसाळा, हिवतापाची साथ. मला स्वतःला थंडी वाजून ताप भरलेला. तरी टेबल सोडलं नाही. आधी सगळ्या पेशंटच्या काचपट्ट्या तपासल्या, मग शेवटी आपल्या बोटाला सुई टोचली, आपलं रक्त काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली आपलाच हिवताप पाहिला, आपला रिपोर्ट आपल्या हातानं लिहिला आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. "पहिल्या वर्षी रजा घेतली नाही म्हणून पुढची छत्तीस वर्षं मान ताठ राहिली," असा शेवट. इथे मी अर्धा श्वास थांबते. टाळ्या पडतात.

त्या दिवशीही पडल्या. तू मात्र जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि वरणात पोळी कुस्करत विचारलंस, "आजी, तुमी अकोल्यात एकल्याच राहत होत्या ना? मंग तापात तुमाले पाणी कोनं देल्लं?"

"म्हणजे?"

"हिवताप चार-पाच दिवस उठू देत नाई मानसाले. कोनं तरी पाणी देल्लंच असन."

मी म्हटलं, "जेव गुपचूप. भाजी घे." आणि वाढणाऱ्याला हाक मारून तुझ्या पानात इतकी भाजी घालायला लावली की तुझं तोंड आठ-दहा मिनिटं बंद राहिलं. बारा वर्षं मी ती गोष्ट सांगत होते. हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नव्हता.

दर रविवारी सकाळी तुझा फोन यायचा. अकोल्याच्या जुन्या शहरातली तुझी खोली, खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी, त्यामुळे तुझं प्रत्येक वाक्य घरघरीतून यायचं. "आजी, आज एका लेकराची शीर सापडूनच नाई राह्यली. तीनदा टोचलं. त्याच्या मायनं मले असं पाह्यलं, जशी मी चोट्टी हावो." मी तुला सांगितलं, आधी पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायचा, गरम करायचा, त्याच्या शाळेतल्या बाईची नक्कल करायला लावायची आणि तो हसला की सुई. पुढच्या रविवारी तू ओरडलीस, "जमलं आजी! पण त्याची बाई माई मावशीच निंघाली!"

श्रावणात मी तुझ्या लॅबमध्ये आले होते, आठवतं? तू मला पेशंटच्या खुर्चीत बसवलंस आणि माझं रक्त काढलंस. सुई कळली नाही. खरंच कळली नाही, पल्लवी. छत्तीस वर्षांत मला इतका हलका हात जमला नाही. मी तेव्हा म्हणाले, "ठीक आहे, अजून सराव हवा." हेही एक राहूनच गेलं.

आणि आपलं ते भांडण. तुला गावी जायचं होतं, चुलत बहिणीचं लग्न होतं. मी म्हटलं, पहिल्या वर्षी रजा मागायची नाही. तू म्हणालीस, "काहून?"

"नवी नवरी पहिल्या वर्षी ऊठसूट माहेरी पळते का?"

"नाई पळत. पण ज्या पळाल्या नाई, त्यातल्या किती मेल्या, हे मोजलं काय कोनं?"

मला राग आला. "तू फार बोलतेस," म्हणून मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी तुझा फोन आला, तू लग्नाला गेलेली नव्हतीस आणि तो विषय मीही काढला नाही, तूही नाही. मी मनात म्हटलं, जिंकले.

मग डेंग्यूची साथ आली. लॅबसमोर रांगा. तू सकाळी जायचीस ती दिवेलागणीला परतायचीस. दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात तुझा मेसेज आला. "आजी, तीन दिवस झाले आंगात ताप हाय. डोळ्याच्या मांगं ठणकून राह्यलं. सुट्टी मांगू का?"

मी दुपारचा चहा घेत होते. टाइप करायचा कंटाळा, म्हणून बोलूनच पाठवलं. काय बोलले ते मला पाठ आहे, कारण नंतर ते मला ऐकवलं गेलं. "अगं माझे बाई, साथीच्या दिवसांत लॅबवालीनं रजा मागायची म्हणजे वरातीत नवरदेवानं पळून जायचं. पहिलं वर्ष आहे. तापाची गोळी घे, पाणी पी, उभी राहा. माझी गोष्ट आठव." आणि शेवटी मी हसले. स्वतःच्याच विनोदावर.

तुझं उत्तर आलं, "बरं आजी."

नऊ महिन्यांत तू माझी एकही गोष्ट वाद न घालता ऐकली नव्हतीस. ही एक ऐकलीस. तुझ्या अंगात भांडायचंही बळ राहिलं नव्हतं, हे त्या दोन शब्दांतून मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तू लिहिलंस, "ताप उतरला. ड्युटीवर हावो." मी फुलाचं चित्र पाठवलं आणि शाब्बास लिहिलं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच माणसाला जपायचं असतं. हे मी कितीतरी पेशंटच्या नातेवाइकांना सांगितलंय, लॅबच्या खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना थांबवून थांबवून सांगितलंय. तुला फूल पाठवलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तू लॅबमध्ये कोसळलीस. अमरावतीला आणेपर्यंत हातपाय गार पडले होते. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझी आई बाहेरच्या बाकावर तुझ्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. पुढचं लिहीत नाही.

तुझ्याबरोबर काम करणारी अश्विनी तेरवीला आली होती. ती म्हणाली, नळ्यांच्या रॅकमध्ये सगळ्यात शेवटी तुझ्या नावाची नळी होती. रक्त तूच काढलेलं, नाव तूच लिहिलेलं. मशीनला लावलेली नव्हती. अश्विनीनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "आधी पेशंटचे होऊ दे. मंग माई लावतो."

आधी पेशंटचे, मग आपलं. पल्लवी, हे वाक्य माझं होतं. माइकवरचं.

तेरवीच्याच दिवशी, जेवणं आटोपल्यावर, तुझ्या आईनं मला आतल्या खोलीत बोलावलं. नांदगावातल्या शाळेत लहान लेकरांना अक्षरं गिरवायला शिकवणारी ती बाई, आवाज कधी चढत नाही. तिनं तुझा फोन काढला आणि माझा तो आवाज लावला. पूर्ण. हसण्यासकट. मग विचारलं, "ताई, तुमीच ना ह्या?"

"हो."

"ते गोष्ट खरी हाय ना पण? तुमी खरंच तसं काम केल्तं ना तापात? ती मले फोनवर नेहमी सांगे. म्हणे, आजीनं केलं तं मी काहून नाई करू?"

तिच्या डोळ्यांत मी पाहिलं. तिला त्या गोष्टीच्या खरेपणाचाच आधार हवा होता. निदान पोर एका खऱ्या गोष्टीमागे गेली, एवढं तरी.

आणि मी म्हणाले, "हो. खरी आहे."

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तुझ्या तेरवीच्या घरात, तुझ्या आईसमोर, मी पुन्हा तेच केलं.

आता ऐक. तुझ्यासाठी, तुझ्या आईसाठी, आणि मला टाळ्या दिलेल्या सगळ्यांसाठी.

बावीस वर्षांची मी म्हणजे एक नमुना होते. समाजातली नोकरी करणारी पहिली मुलगी, त्यामुळे जमिनीला पाय लागत नव्हते. पांढऱ्या कोटाच्या खिशात कंगवा, वेणीला रोज गजरा. जणू हिवतापाचे जंतू माझ्याकडे बघायला येणार होते. लॅबमध्ये माझ्यावर एक बाई होत्या, रझिया आपा. चाळिशीच्या, जुन्या शहरात राहणाऱ्या. काम त्यांनीच मला शिकवलं. पोराचा हात गरम करायची ती युक्ती त्यांचीच. आणि मी? डबा खाताना त्यांच्याकडे पाठ करून बसायची. त्यांच्या सुरईला चुकून बोट लागलं तर साबणानं हात धुवायची. मग त्याच सोवळ्या हातांनी पेशंटच्या थुंकीच्या डब्या उचलायची! इतकी हुशार होते मी.

ताप आला त्या दिवशी मी माझी काचपट्टी पाहिली, हे खरं. पुढचं खोटं. मी रिपोर्टबिपोर्ट काही लिहिला नाही. मी किंचाळले, "मी मेले!" आणि स्टुलावरून खाली बसले.

आपा म्हणाल्या, "अरी बावली, मरनेवाले इत्ता चिल्लाते क्या?" त्यांनी माझा कोट काढला, सायकलरिक्षा बोलावली आणि मला मोर्णा नदीपलीकडे आपल्या घरी नेलं. डॉक्टरांना परस्पर निरोप दिला की हिच्या घरी कोणी तरी वारलंय, चार दिवस येणार नाही. मी नंतर विचारलं, "आपा, कोण वारलं म्हणून सांगितलंत?" तर म्हणाल्या, "तेरी अकड."

त्या घरात मला खाटेवर निजवलं. अंग भाजत होतं, जीभ टाळूला चिकटली होती. आपा पेला भरून घेऊन आल्या आणि दोन हात लांब थांबल्या. "हमारे घर का पानी चलता क्या तेरे को? नहीं तो बाजूवाली पाटीलबाई के घर से ला देती."

मी सगळा पेला एका दमात प्यायले आणि दुसरा मागितला. चार दिवस तेच पाणी प्यायले. माझ्या वाट्याच्या काचपट्ट्या आपांनी चार दिवस तपासल्या, त्यांच्या त्यांना पुरून उरत होत्या तरी. आईला मी हे कधी सांगितलं नाही. नवऱ्याला नाही. पुढे आपा गेल्या तेव्हा मी अमरावतीहून अकोल्याला गेलेसुद्धा नाही, लग्नसराई होती म्हणून. त्यांच्यावर लेख लिहिणं तर दूरच.

बारा वर्षांपूर्वी उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या खेपेला मी ही गोष्ट पूर्ण सांगितली होती. नंतर नानासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, गोष्ट छान आहे. पण समाजानं समाजाला हात द्यायचा, असा आपला उपक्रम. उदाहरणही आपल्यातलंच असलं तर बरं." त्यांनी जबरदस्ती केली नाही. मी भांडू शकले असते. तू भांडली असतीस. पण मला माइक आवडायचा. पुढच्या खेपेला मी आपांना गाळलं. त्यांना गाळलं तर चार दिवसांची रजाही गाळावी लागली, कारण मग मला सांभाळलं कोणी? रजा गाळली तर मी आजारी असून कामच करत राहिले, असं आपोआप झालं. एक माणूस काढलं आणि बाकीची गोष्ट आपणच जुळत गेली. आणि कशी छान जुळली! पहिल्यापेक्षा दुप्पट टाळ्या.

तुला मी ती जुळलेली गोष्ट दिली. खरी दिली असती तर तू त्या दिवशी कोणाच्या तरी घरी जाऊन पडली असतीस. खालच्या गिरणीवाल्याच्या बायकोच्या घरी. अश्विनीच्या घरी. माझ्या घरी.

आणि पाठराखिणीचंही मी अर्धंच सांगितलं होतं. ती नवरीला फक्त "निभावून ने" सांगायला जात नसे. पोरगी जेवते का, तिला निजायला जागा कुठे दिली, आजारी पडली तर तिच्याकडे कोण बघतं, हे सगळं डोळ्यांनी पाहून ती परत यायची आणि पोरीच्या आईला खरं सांगायची. नाव मी सुचवलं. काम मी केलं नाही. तुझ्या त्या खोलीचा जिना मी एकदाही चढले नाही, पल्लवी. श्रावणात आले तेव्हा गुडघ्याचं निमित्त सांगून लॅबवरूनच परत गेले.

काल मी पुन्हा नांदगावला गेले. तुझ्या आईला हे सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसंच, आपांच्या पेल्यासकट. तेरवीला खोटं बोलले तेही सांगितलं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "हे तुमी पल्लवीले सांगितलं असतं तं?"

मी म्हटलं, "तर तिनं रजा घेतली असती."

ती उठून आत गेली. मी ओसरीवर बसून राहिले. आपल्याकडे दारात वैरी आला तरी आधी पाणी पुढे करतात. तासभर बसले. पाणी आलं नाही. बरोबर केलं तिनं. मग मी उठले आणि उन्हात स्टँडवर आले.

संपादकांना कळवलंय की यातली एक ओळ जरी गाळली तरी अख्खा लेख परत द्यावा. नानासाहेबांचा फोन आला होता. म्हणाले, "ताई, या वयात आता हे कशाला?" मी म्हटलं, "या वयातच. पुढच्या वयाचा भरवसा नाही." येत्या रविवारी हॉलमध्ये नवी तुकडी आहे. मी माइक मागणार आहे. आजारी पडलात तर रजा मागा, साहेब नाही म्हणाला तर आपल्या पाठराखिणीला फोन करा आणि तीही उभं राहा म्हणाली तर तिचं ऐकू नका, एवढंच सांगायचंय. त्याआधी गोष्ट पूर्ण. टाळ्या पडल्या तर समजेन, पुन्हा चुकीची सांगितली.

तुझा प्रश्न मात्र तसाच पडून आहे, पंगतीतला. तेव्हा भाजीखाली दडपला होता.

मले पाणी रझिया आपानं देल्लं, पल्लवी. त्यांच्या घरचं, त्यांच्या पेल्यातून, त्यांच्या हातानं. म्हणून मी वाचले.

आता विचार की पुढचं. "मंग तवा सांगितलं काहून नाई?" विचार. भांड माझ्याशी. "बरं आजी" म्हणू नको.